शिवणीतली माया

जिन्याखालचे मास्तर कापत नाहीत, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. नवं कापड बगलेत मारून कोणी आलं की ते दोन्ही हात जोडायचे. "वर जा, राजा. वरच्या मजल्यावर मोठमोठे कटर बसलेत, हातभर कात्र्या घेऊन. आपलं काम ऑल्टरचं." ऑल्टर म्हणजे ढगळ झालेलं आत घ्यायचं, घट्ट झालेलं सोडायचं, आखूड झालेलं उतरवायचं. घट्ट कपडा सोडायचा तर शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं असावं लागतं. त्या कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. तयार कपड्यांच्या कंपन्या ही माया ठेवत नाहीत, म्हणून मास्तर येता-जाता त्यांचा उद्धार करायचे. पॅंट उलटी करून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे. "बघा! नखभर माया नाही. शिवणाऱ्याला आईबाप होते की नव्हते?"

त्यांचा स्वतःचा नियम एकच. आत घेतलेलं कापड कापून टाकायचं नाही. शिवण आत सरकवायची, उरलेलं आतच राहू द्यायचं. "माणूस आहे. आज वाळेल, उद्या भरेल. कात्री लावली की संपलं सगळं." त्यामुळे त्यांनी ऑल्टर केलेला शर्ट आतून जाड लागायचा, बगलेत टोचायचा. गिऱ्हाईक कुरकुरायचं, मास्तर तिकडे लक्षच द्यायचे नाहीत.

अशा माणसाच्या छातीत घास अडकायला लागला.

आधी पावाचा, मग भाताचा, मग चक्क पाण्याचा घोटही. गिळलेला घास छातीच्या हाडामागे येऊन उभा राहायचा, ना खाली ना वर. मास्तर उठायचे, हात वर करायचे, मान मागे टाकायचे, टाचांवर उड्या मारायचे. वरून पाणी प्यायचे, तर ते पाणीही घासाच्या डोक्यावर जाऊन बसायचं. कधी सगळं एकदम खाली उतरायचं, कधी आलं तसं तोंडावाटे परत यायचं. काय काय गिळलं होतं हो ह्या माणसाने आयुष्यभर! गिऱ्हाइकांचा उर्मटपणा गिळला, वरच्या कटरांचे टोमणे गिळले, बायकोपुढे तर अख्खी वाक्यंच्या वाक्यं गिळली. आणि आता एक उकडलेला बटाटा गिळता येईना.

बायको एका मोठ्या लॉंड्रीत इस्त्रीवर होती. दिवसभर वाफेत उभी राहणारी, आवाजाने खणखणीत आणि हट्टाला पेटली तर देवाचंही न ऐकणारी. मास्तर जेवत नाहीत म्हटल्यावर तिनेही ताट बाजूला सारलं. "तुमच्या घशाखाली उतरेल तेव्हा माझ्या उतरेल." मास्तरांनी समजावलं, आवाज चढवून पाहिला, शेवटी गयावया केली. ती बधली नाही. तिनेच मग त्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी नळी घालून पाहिलं, फोटो काढले, दाब मोजला आणि समजावून सांगितलं. अन्ननलिका जिथे पोटात उतरते तिथे स्नायूचा एक वळसा असतो. घास आला की तो सैल व्हायला हवा. मास्तरांचा होत नव्हता, आवळून बसला होता. त्याला सैल करायचे उपाय होते. एक इंजेक्शन, नळीतूनच आत सुई घालून त्या स्नायूत द्यायचं. दुसरा ऑपरेशन. फुग्याने ताणायचाही एक मार्ग होता. मास्तरांनी त्यातला 'सुई' एवढाच शब्द ऐकला आणि मान डोलावली. सुईशी त्यांची जुनी ओळख. बाईंनी तेव्हाच बजावलं, "मास्तर, ह्याचा असर उतरतो बरं का. किती दिवस टिकेल, सांगता येत नाही." पण ते ऐकायला मास्तरांचे कान जागेवर होते कुठे?

आणि खरंच घास उतरू लागला! मास्तर पाव खाऊ लागले, भात खाऊ लागले, वाडगा पुढे करून परत मागू लागले. बायको समोर बसून जेवायची आणि हसायची. "घशाचं ऑल्टर झालं म्हणायचं तुमच्या!" त्या दिवसांत ती इतकी हसली, की मास्तरांना वाटलं, आपण हिला लग्नापासून कधी एवढं हसवलंच नव्हतं.

म्हणूनच तर पुढचा घोळ झाला. काही महिन्यांनी एका दुपारी घास पुन्हा छातीत येऊन उभा राहिला, आणि मास्तरांनी ते घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचं हसू गेलं असतं, ताट गेलं असतं आणि तोंडातून पहिला शब्द निघाला असता तो ऑपरेशन. तो शब्द मास्तरांना ऐकायचाच नव्हता. कात्री लावली की संपलं, हे ते जन्मभर लोकांना सांगत आले होते. मग स्वतःच्या छातीला कशी लावून घ्यायची?

तेव्हापासून थापांचा कारखाना सुरू झाला. घरी म्हणायचे, बाजारात जेवलो. बायको म्हणायची, "बरं झालं, मीही कामावरच खाल्लं." मास्तरांना हायसं वाटायचं. बाजारात म्हणायचे, घरून जेवून आलोय, आणि डबा सरळ काजवाल्यापुढे सरकवायचे. काजवाला म्हणजे शेजारच्या स्टुलावर बसून बटणांची काजं पाडणारा, कडा विणणारा त्यांचा जुना दोस्त. तो मिटक्या मारत डबा चाटून पुसून साफ करायचा. मास्तर वाळत चालले, काजवाला फुगत चालला. "मास्तर, कंबर जरा सोडा की," म्हणत तो पॅंट घेऊन यायचा, आणि मास्तर त्याच्या पॅंटीतली माया बाहेर काढायचे आणि त्याच दोऱ्याने स्वतःचा शर्ट आत घ्यायचे.

हो, शर्ट. अंगावरचा कपडा लोंबायला लागला तर घरात कळणार, हे शिंप्याला वेगळं सांगायला नको. मास्तर दुपारच्या सामसुमीत शर्ट काढायचे, उलटा करायचे, दोन्ही बाजूंनी बोटभर आत घेऊन टीप मारायचे. महिना झाला की पुन्हा. बाहेरून बघावं तर शर्ट कसा अंगासरशी बसलेला. "मास्तर, तब्येत झकास आहे!" गिऱ्हाईक म्हणायचं. मास्तर म्हणायचे, "आहे बुवा!" आणि छातीवरून हात फिरवून अडकलेली थुंकी खाली ढकलायचे.

पण थापांनी पोट थोडंच भरतं? एक दिवस मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा मास्तर चुपचाप एकटेच डॉक्टरबाईंकडे गेले.

"पुन्हा सुई देता?" त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं.

"देता येईल," बाई म्हणाल्या. "पण ऐकून घ्या. पहिल्यापेक्षा ती कमी दिवस चालेल असं धरून चला. शिवाय त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचलं, की आतले थर एकमेकांना चिकटायला लागतात. मग पुढे ऑपरेशन करायची वेळ आली तर ते अवघड होऊन बसतं. ज्यांना भूल झेपणार नाही, त्यांना मी सुईच सांगते. तुमचं हृदय ठणठणीत आहे, फुप्फुसं चांगली आहेत. मी तुमच्या जागी असते तर ऑपरेशन केलं असतं."

"कापायचं."

"दुर्बिणीतून, छोट्या छोट्या भोकांतून. बाहेरचा स्नायू तेवढा उभा कापायचा. आतलं अस्तर शाबूत ठेवायचं."

अस्तर म्हटल्यावर मास्तर जरा पुढे सरकले. "आणि मग शिवायचं?"

"नाही, शिवला तर पुन्हा आवळणार. तो उघडाच ठेवायचा. वरून जठराचा थोडा भाग आणून झाकायचा, म्हणजे आंबट पाणी वर येत नाही."

"कापून उघडं ठेवायचं!" मास्तरांच्या तोंडचं पाणीच पळालं. "आणि अस्तराला कात्री लागली तर?"

"क्वचित लागते. दिसली की तिथेच टाका घालतो. लागणारच नाही, असं मी खोटं सांगणार नाही." बाईंनी चष्मा काढला. "पुढच्या वेळी याल तेव्हा काय ते सांगा. आणि घरच्यांना घेऊन या."

झालं! मास्तरांच्या पायाला भिंगरी लागली. ते मशीनवर बसायचे, उठायचे, जिन्याच्या चार पायऱ्या चढायचे, उतरायचे, परत बसायचे. सुई की कात्री? सुईला भीती नाही, पण भरवसा नाही. कात्रीला भरवसा आहे, पण परतीची वाट नाही. एकदा वाटायचं, घेऊन टाकू सुई, पुढचं पुढे. लगेच वाटायचं, आणि त्या सुईचा असर उतरला, आतले थर चिकटले, मग? मग कात्रीही हातची गेली. ह्या तंद्रीत त्यांनी एका बाईंचा सोडायला दिलेला झगा आणखी आत घेतला. बाईंनी तो दुकानातच डोक्यातून घातला आणि खांद्याशी अडकल्या. काजवाल्याने आणि मास्तरांनी दोन बाह्या धरून ओढलं, तेव्हा कुठे त्या बाहेर आल्या. त्या जे बोलल्या ते मास्तरांनी गिळलं. तेवढं मात्र अजून गिळता येत होतं.

काजवाल्यापाशी त्यांनी मन मोकळं केलं. तो म्हणाला, "छे छे, ऑपरेशनच्या भानगडीत पडूच नका! कापून उघडं ठेवतात म्हणे. अहो, मीसुद्धा काज कापलं की कडा विणतो. विणली नाही तर चार दिवसांत दशा निघतात. पोटात कोण बसणार विणायला?"

"मग सुईच घेऊ म्हणतोस?"

"बिनधास्त घ्या! असर उतरला की आणखी घ्या. आपला धंदाच सुईचा." आणि त्याने डब्याचं झाकण उघडलं. "आज काय दिलंय वहिनींनी?"

मास्तरांचं ठरलं. सुई. संध्याकाळपर्यंत ते ठरलेलं राहिलं, घरी जाईपर्यंत पुन्हा उसवलं.

घरी बायको इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. लॉंड्रीत सगळ्या गावाचे कपडे इस्त्री केल्यावर घरचे कपडे करायला तिला क्वचितच, एखाद्या सुट्टीच्या दिवशी जमायचं. आज मास्तरांचा राखाडी शर्ट टेबलावर उलटा पसरलेला होता, आणि इस्त्री बाजूला उभी करून ती त्याच्याकडे बघत होती. मास्तरांनी ते पाहिलं आणि ते दारातच थबकले. सगळं बाहेरून झाकलं होतं त्यांनी. शर्टाला आतली बाजू असते आणि आपली बायको इस्त्री आतूनच करते, एवढंच डोक्यात आलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर आत घेतलेलं कापड कापून मोकळा झाला असता. पण मास्तर आणि मायेला कात्री? बगलेपासून खालपर्यंत एकीच्या आत एक, एकीच्या आत एक, अशा शिवणीच शिवणी उभ्या होत्या. केव्हा केव्हा किती किती वाळलो, ते त्यांनी स्वतःच्या हाताने टीप मारून ठेवलं होतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं. आवाज खणखणीत नव्हता, त्याचीच मास्तरांना जास्त भीती वाटली.

"जरा... ढगळ होत होता."

"जरा?" तिने पहिल्या शिवणीपासून शेवटच्या शिवणीपर्यंत पंजा ठेवून दाखवला. सगळा पंजा मावला. "एवढा माणूस गेला कुठे माझा?"

मास्तर मटकन स्टुलावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. घास, डबा, काजवाला, डॉक्टरबाई. ती ऐकत राहिली. शेवटी मास्तर म्हणाले, "तू काळजी करू नकोस. पुन्हा सुई घेतो. लगेच बरं वाटेल."

"आणि उतरल्यावर?"

"आणखी एक."

तिने शर्ट उचलला, जुन्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरला आणि ताणला. सुईने पुन्हा पुन्हा भोकं पडलेलं ते कापड टर्रकन फाटलं. "घ्या तुमची सुई," ती म्हणाली. "मी काही शिकलेली नाही, पण दिवसभर कपडेच बघते. जिथे दहादा टोचलंय तिथे कापड राहत नाही."

"कपडा आणि माणूस एक आहे का?" मास्तर ओरडले. "कपडा फाटला तर दुसरा आणता येतो! मी तिथे टेबलावर पडून उठलोच नाही तर?"

एवढ्या दिवसांत हे वाक्य त्यांनी स्वतःलाही ऐकवलं नव्हतं. बायकोने तोंड फिरवलं, इस्त्री उचलली आणि फाटलेल्याच शर्टावरून फिरवायला लागली. "तुमचं शरीर आहे. तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "मी बरोबर येईन."

दवाखान्याच्या दिवशी ती कामावरून तशीच आली, लॉंड्रीचा निळा लांब कोट आणि निळी पॅंट घालून. त्या पॅंटीची कंबर मास्तरांनीच बसवून दिलेली. बाकावर नंबराची वाट पाहत बसल्या बसल्या मास्तर मनात घोकत होते, सुई, सुई, सुई द्या. भिंतीवरच्या यंत्रातून गार वारा येत होता. अंगावर मांसच उरलं नव्हतं, त्यामुळे ते कुडकुडायला लागले. उठले, दारापर्यंत गेले, परत आले, परत उठले.

"एका जागी बसा की," बायको म्हणाली आणि उभी राहून आपला कोट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. मग खिडकी लावायला पाठमोरी वळली.

मास्तरांनी पाहिलं. पॅंटीची कंबर मागून ओंजळभर गोळा करून धरलेली होती, आणि त्या गोळ्याला मोठाल्या सेफ्टी पिना मारलेल्या होत्या. एक नाही, ओळीने.

पहिल्यांदा त्यांना संताप आला, शिंप्याचा संताप. "पिना? माझ्या घरात पिना? लोक काय म्हणतील, मास्तरांच्या बायकोला..." आणि तिथेच त्यांची जीभ थांबली. बाजारभर माणसांच्या कमरा मोजत फिरणारा हा माणूस. रोज संध्याकाळी समोर बसणारी कंबर त्याने पाहिली नव्हती. बायको पॅंट घेऊन त्यांच्याकडे आली नव्हती, कारण आत घ्यायला दिली असती तर त्यांना कळलं असतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मोरीत नळ सोडून ओकायला लागलात तेव्हापासून. नळाच्या आवाजाने मला फसवणार होतात? पाण्याच्या आवाजातच दिवस जातो माझा."

"म्हणजे तू कामावर खात होतीस ते..."

"तुम्ही बाजारात खात होतात तसंच."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. आज सांगतील, उद्या सांगतील." तिचा खणखणीत आवाज मध्येच फाटला. "नाही सांगितलंत."

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय ठरलं, मास्तर?" मास्तरांनी घोकलेला शब्द जिभेवर आलाच नाही. सुई घ्यायची, असर उतरायचा, आपण लपवायचं, तिने ओळखायचं आणि पिना वाढत जायच्या. माया होती तेवढी सगळी आत घेऊन झाली होती, त्यांचीही आणि तिचीही.

"कापा," ते म्हणाले. मांडीवरचे हात त्यांनी कोटाच्या बाह्यांत खुपसले. "फक्त अस्तर सांभाळा."

"सांभाळते," बाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या सकाळी मास्तरांना दवाखान्याचा हिरवा झगा दिला. मागून नाड्या, कडेला टीप तिरकी गेलेली. "कोणी शिवलाय हा? मशीन होती की खेळणं?" ते करवादले. नर्स हसली. भीती लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं. ढकलगाडी आली तसे ते उठून बसले, पिशवीतून तसाच आत घेतलेला दुसरा एक शर्ट आणि छोटी कातर काढली आणि बायकोच्या हातात दिली.

"मी येईपर्यंत ह्याच्या शिवणी उसवून ठेव. सगळ्या. जपून कर, दोरा तेवढा काप. माया आहे आत, मी कुठे कापलेली नाही."

तिने शर्ट हातावर टाकला. "आणि माझी पॅंट? ती नाही का आत घ्यायची?"

"तिला दोरा लागणार नाही. ती तू भरायची. डबा आणलायस ना? जेव."

"तुम्ही बाहेर आलात की जेवेन."

"झालं तुझं सुरू!" मास्तर गाडीवरून चक्क खाली उतरले. नर्स "अहो, अहो" करत पुढे आली. "तू जेवल्याशिवाय मी हलत नाही, जा. डॉक्टरबाईंना सांगा, थांबा म्हणावं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "इतके दिवस माझ्यासाठी थांबलीस. आज तू आधी जेव, मी मागून येतो."

"उघडते डबा," ती म्हणाली. "आधी वर बसा तुम्ही."

ते वर बसले. गाडी लांब गेली, वळली, दार मिटलं. बायको बाकावर बसली, उठली, दारापर्यंत गेली, परत आली. शर्ट मांडीवर उलटा घेतला. पहिली शिवण उसवली, आत दुमडलेलं कापड बोटाने सपाट केलं. दुसरी अर्धी उसवून सोडून दिली. मग डबा उघडला. भाताचा घास तोंडात घातला, चावला, आणि तो घशाशी येऊन उभा राहिला. ना खाली ना वर. हुंदका आला होता, त्याच्यामागे घास अडकला होता. असं होत होतं तर ह्यांना, रोज, तिला वाटलं. तिने मान मागे टाकली, पाण्याचा घोट घेतला आणि डोळे मिटून घास गिळला. मग दुसरा घेतला.